रक्त नावाची एक वस्तू नसते

‘अर्जंट! बी पॉझिटिव्ह रक्त पाहिजे, प्लीज फॉरवर्ड.’ हा मेसेज न आलेला माणूस पुण्या-मुंबईत शोधून सापडायचा नाही. पूर्वी ऑफिसच्या मेलिंग लिस्टवर यायचा, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, एवढाच फरक. मेसेजमध्ये हॉस्पिटलचं नाव असतं, नातेवाइकाचा मोबाइल नंबर असतो, कधीकधी पेशंटचा फोटोही असतो. एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा नसते. रक्तातलं नेमकं काय पाहिजे?

तुम्ही म्हणाल, रक्त पाहिजे म्हणजे रक्त पाहिजे, त्यात ‘नेमकं काय’ कुठून आलं? मंडळी, आजचा सगळा लेख याच प्रश्नावर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शनिवारी सकाळी चहाबरोबर एवढंच वाचायचंय ते सुटतील. आपण ‘रक्त’ हा शब्द एकवचनी वापरतो आणि त्यामुळे रक्त मागतो चुकीचं, देतो चुकीच्या वेळी आणि घाबरतोही चुकीच्या कारणाने. रक्तात काय काय असतं आणि त्यातलं काय किती दिवस टिकतं, एवढं जरी आपल्यासारख्या शिकल्या-सवरल्या लोकांना माहीत झालं, तरी रक्तपेढ्यांचं निम्मं डोकं शांत होईल.

आता थोडी शाळेची उजळणी. (जांभई देऊ नका, पटकन उरकतो.)

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. ते नळीत घालून तसंच ठेवलं, किंवा सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवलं, की त्याचे थर होतात. वर पिवळसर पाण्यासारखा प्लाझ्मा, साधारण ५५ टक्के. खाली लाल पेशींचा गच्च थर, साधारण ४५ टक्के. आणि दोघांच्या मधे दुधावरच्या सायीसारखी एक पातळशी पांढरट पट्टी. ही पट्टी टक्काभरसुद्धा नसते, पण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स राहतात तिथेच.

लाल पेशींचं काम ऑक्सिजन वाहून नेणं. थेंबाच्या पन्नासाव्या भागात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, त्या पन्नास लाखांच्या आसपास असतात. गंमत अशी की या पेशीला केंद्रकच नसतं. हिमोग्लोबिन भरायला जागा हवी म्हणून ती तयार होतानाच केंद्रक बाहेर टाकून देते. सोर्स कोड फेकून फक्त बायनरी प्रॉडक्शनला पाठवावी तसं. त्यामुळे तिला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही, की स्वतःसारखी दुसरी पेशी बनवता येत नाही. साधारण १२० दिवस पळते आणि मग प्लीहा आणि यकृत तिला मोडीत काढतात. त्यातलं लोखंड पुन्हा वापरलं जातं. आणखी एक. या पेशीत मायटोकाँड्रियाही नसतात, म्हणजे ती जो ऑक्सिजन वाहून नेते तो स्वतः वापरत नाही. असा प्रामाणिक डिलिव्हरी बॉय दुसरा नाही. :-) मोडीत निघालेल्यांची जागा भरायला हाडांतला मगज दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या लाल पेशी बनवत असतो. हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या अंगात एक कोटी नव्या पेशी आल्यासुद्धा.

पांढऱ्या पेशी म्हणजे सिक्युरिटी टीम. मायक्रोलिटरमध्ये चार ते अकरा हजार. त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल, जखमेत बॅक्टेरिया शिरले की सगळ्यात आधी धावणाऱ्या. लिम्फोसाइट म्हणजे आठवण ठेवणाऱ्या. लहानपणी एकदा कांजिण्या झाल्या की सहसा पुन्हा होत नाहीत ते यांच्यामुळे. बाकी मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल या मंडळींची कामं वाटून दिलेली आहेत. या लिम्फोसाइट लक्षात ठेवा, पुढे त्या एक भानगड करणार आहेत.

प्लेटलेट्स म्हणजे खरं तर पेशी नव्हेत, मगजातल्या एका अवाढव्य पेशीचे तुटून पडलेले तुकडे. मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख. आयुष्य फक्त आठ-दहा दिवस. रक्तवाहिनीला भोक पडलं की तिथे जाऊन चिकटायचं आणि बूच मारायचं, हे त्यांचं काम.

पण नुसतं बूच टिकत नाही, त्यावर जाळी लागते. ती बनते प्लाझ्मातून. प्लाझ्मा म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी आणि उरलेल्यात अल्ब्युमिन, अँटीबॉडीज, क्षार, साखर, हार्मोन्स आणि रक्त गोठवणारी प्रथिनं. ही प्रथिनं रोमन आकड्यांनी ओळखली जातात. एक दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी फायब्रिनोजेनचं फायब्रिन होऊन धाग्यांची जाळी पडते. साखळीतला एक जण गैरहजर असला की गडबड. आठवा फॅक्टर नसेल किंवा कमी असेल तर हिमोफिलिया ए.

झाली उजळणी. आता मुद्द्याचं.

हे चार घटक वेगवेगळी कामं करतात हे आपल्याला दहावीपर्यंत शिकवतात. पण त्यांना बाहेर काढून पिशवीत ठेवलं की ते वेगवेगळ्या वेगाने खराब होतात, हे कोणी शिकवत नाही. आणि सगळी मेख तिथेच आहे.

लाल पेशी फ्रीजमध्ये ठेवतात, २ ते ६ अंशांवर. त्यांना पोसायला जे द्रावण घालतात त्यानुसार त्या ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्सना फ्रीज अजिबात चालत नाही. त्यांना २० ते २४ अंश लागतात, वर चोवीस तास हलवत राहणारं मशीन लागतं, आणि एवढे लाड करूनही त्या पाचच दिवस टिकतात. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या तपासण्यांचा वेळ त्यातूनच जातो. प्लाझ्मा मात्र उणे तीस अंशांच्या खाली गोठवला की वर्षभर राहतो.

म्हणजे एकाच दंडातून, एकाच वेळी निघालेल्या एका पिशवीतल्या तीन गोष्टींच्या एक्स्पायरी डेट पाच दिवस, सहा आठवडे आणि एक वर्ष! तिघांना एकाच पिशवीत, एकाच फ्रीजमध्ये ठेवलं तर लाल पेशी सोडून बाकी दोघांची वाट लागते. म्हणून रक्त वेगळं करतात. १९५० च्या सुमारास अमेरिकेत कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी काचेच्या बाटलीऐवजी प्लास्टिकची पिशवी आणली, आणि एकमेकींना नळ्यांनी जोडलेल्या पिशव्या करता यायला लागल्या. हवा न लागू देता एका पिशवीतलं दुसरीत ढकलायचं. आजची रक्तपेढी चालते ती याच युक्तीवर.

आता या माहितीच्या उजेडात आपल्या तीन सवयी बघू.

सवय पहिली. ‘आम्हाला ताजं रक्तच पाहिजे आणि घरच्या माणसाचंच पाहिजे.’

आईबाप-भावंडांचं रक्त सगळ्यात सुरक्षित, अशी आपली ठाम समजूत. भावना समजण्यासारखी आहे, पण त्या लिम्फोसाइट आठवतात? दुसऱ्याच्या रक्तातल्या लिम्फोसाइट आपल्या शरीरात आल्या की आपली यंत्रणा त्यांना परकं म्हणून ओळखते आणि संपवते. पण देणारा सख्खा नातेवाईक असेल तर दोघांच्या पेशींवरच्या खुणा इतक्या सारख्या असू शकतात की आपली सिक्युरिटी त्यांना आपलंच समजून आत सोडते. आत शिरलेल्या लिम्फोसाइटना मात्र आपलं शरीर परकं वाटतं आणि त्या हल्ला करतात. प्रकार दुर्मिळ आहे, पण झाला तर बहुतेक वेळा जिवावर बेततो. म्हणून जवळच्या नातेवाइकाचं रक्त द्यायचंच असेल तर त्यावर आधी रेडिएशन मारून लिम्फोसाइट निकामी कराव्या लागतात. आणि रक्त जितकं ताजं तितक्या या लिम्फोसाइट जास्त जिवंत. ‘ताजं आणि घरचं’ हे भाजीला ठीक आहे, रक्ताला नाही.

दुसरी बाजू म्हणजे ‘एक पिशवी हवी तर बदल्यात एक डोनर आणा’ ही पद्धत. ४ जानेवारी १९९६ ला सुप्रीम कोर्टाने ‘कॉमन कॉज’ खटल्यात निकाल दिला, त्यानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर देशात बंदी आली. फार मोठी गोष्ट झाली ती. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणानेही बदली डोनर हळूहळू बंद करून स्वेच्छेने देणाऱ्यांवरच भर द्यायचं ठरवलं. प्रत्यक्षात काय होतं? गेल्या वर्षी एका मित्राच्या वडिलांच्या ऑपरेशनला दोन पिशव्या लागल्या, तेव्हा काउंटरवरून एकच वाक्य तीनदा ऐकू आलं, ‘आधी दोन डोनर आणा.’ (हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण तो मुद्दा नाही.) मित्राचे काका गावाकडून त्याच सकाळी आले होते. वय एकसष्ट, रात्रभर एसटीत जागे. ‘अरे, मी देतो की, दादासाठी एवढं नाही करणार?’ म्हणाले. अशा वेळी माणूस आपला जुना आजार, चालू असलेलं औषध, काहीही सांगत नाही. भावासाठी लपवतो. फॉर्मवरच्या प्रश्नांना खरी उत्तरं तोच देतो, ज्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक असते. तपासणीत सगळंच सापडतं असं नाही, कारण संसर्ग झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस तो टेस्टला दिसत नाही. म्हणजे स्वेच्छेने दिलेलं रक्त जास्त चांगलं, हे नुसतं सुविचाराच्या फळ्यावरचं वाक्य नव्हे, ती क्वालिटी कंट्रोलची गोष्ट आहे.

सवय दुसरी. डेंग्यू आणि प्लेटलेट्सचा स्कोअरकार्ड.

पावसाळा सरताना प्रत्येक सोसायटीत हा खेळ सुरू होतो. ‘काल एक लाख दहा होत्या, आज ऐंशी हजार!’ घरच्यांचे चेहरे शेअर बाजार पडल्यासारखे. मग पपईच्या पानांचा रस, मग कोणाच्या तरी ओळखीने प्लेटलेट्सची जमवाजमव.

डेंग्यूत प्लेटलेट्स कमी होतात हे खरं. पण डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या घटकामुळे. केशवाहिन्या झिरपायला लागतात आणि प्लाझ्मा नळ्यांमधून बाहेर पडतो. आत राहिलेलं रक्त घट्ट होतं, ब्लड प्रेशर कोसळतं. आणि हे होतं ताप उतरायच्या सुमारास, जेव्हा आपण ‘चला, सुटलो’ म्हणून निश्चिंत होतो. म्हणून डॉक्टर रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात पेशींचं प्रमाण किती, हेही बघत असतात आणि सलाइनचा हिशोब त्यावर ठरवतात. आपण मात्र एकाच आकड्याकडे डोळे लावून बसतो. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट्स दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या वरून देण्याची सहसा गरज नसते, असं डेंग्यूबद्दलच्या आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ऐंशी हजारांवर नाही, चाळीसवर नाही, दहावर! अर्थात प्रत्येक पेशंट वेगळा, निर्णय डॉक्टरांचा, यात वादच नाही. माझं म्हणणं एवढंच की डॉक्टर ‘गरज नाही’ म्हणत असताना त्यांच्यावर दबाव आणू नका. कारण त्याच वेळी, त्याच शहरात, केमोथेरपी चालू असलेल्या एखाद्या पोराला त्या पिशवीची खरोखर गरज असते.

घटक न ओळखता धावण्याचं आणखी एक उदाहरण आठवत असेल. २०२० मध्ये करोनातून बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा मिळवायला लोक रात्ररात्र फोन करत होते. त्याच वर्षी आयसीएमआरने ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटांवर चाचणी केली आणि निष्कर्ष निघाला की आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, दोन्हींत त्याने फरक पडत नाही. तरी २०२१ च्या दुसऱ्या लाटेत फोन चालूच होते. मे २०२१ मध्ये तो उपचार सरकारी सूचनांतून काढला, तेव्हा कुठे थांबले. डेटा हातात असूनही आपण सहा-सात महिने धावत होतो. असो.

सवय तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. एकाच दिवशी रक्तदान.

आपल्या राज्यात रक्तदान शिबिरांची परंपरा मोठी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. गणेशोत्सव, शिवजयंती, साहेबांचा वाढदिवस, कंपनीचा फाउंडर्स डे, कारण काहीही असो, लोक रांगेत उभे राहून रक्त देतात. पण एक्स्पायरी डेटचं गणित घालून बघा. समजा शहरातल्या दहा कंपन्यांनी १५ ऑगस्टला शिबिरं घेतली. त्या दिवशीच्या प्लेटलेट्स २० ऑगस्टला संपल्या. लाल पेशी फार तर २६ सप्टेंबरपर्यंत. दिवाळीत काय? आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद, निम्मं शहर गावाला किंवा गोव्याला, तेव्हा काय? अपघात सुट्टीवर जात नाहीत. बाळंतपणं पुढे ढकलता येत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी लाल पेशी लागतात, जन्मभर. त्यांच्या आईला कॅलेंडरमध्ये मे दिसला की पोटात गोळा येतो.

शिवाय प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळ्या करायला रक्त काढल्यापासून सहा-आठ तासांचीच मुदत असते. रक्तपेढीत सेंट्रीफ्यूज मोजकी, एका फेरीत पिशव्या मोजक्या. एकाच संध्याकाळी शेकडो पिशव्या आल्या तर सगळ्यांचे घटक करणं जमेलच असं नाही. मग एका पिशवीतून तीन पेशंट वाचवायचे सोडून एकावर भागवावं लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्षभराचा लोड एका दिवशी सर्व्हरवर टाकायचा, तो गुडघ्यावर आला की आपण फोटो काढून घरी जायचं, आणि उरलेले दिवस सर्व्हर रिकामा. कुठलाही शहाणा आर्किटेक्ट हे डिझाइन रिव्ह्यूमध्ये पास करणार नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की शिबिराचं वातावरण नसेल तर पहिल्यांदा देणारे येणारच नाहीत. एकदम मान्य. सुईला घाबरणारा माणूस चार मित्र असले की धीर धरतो. म्हणून शिबिरं बंद करा असं मी म्हणत नाहीये. मी म्हणतोय, पसरवा. तुमच्या ऑफिसात १२० जण वर्षातून एकदा रक्त देत असतील, तर १२० जणांचं एक शिबिर करण्यापेक्षा दर महिन्याला दहा जण पाठवा. वाटणी कशी करायची? ज्याचा वाढदिवस ज्या महिन्यात, त्याने त्या महिन्यात द्यायचं. झालं, लोड बॅलन्सिंग! एचआरच्या शीटमध्ये जन्मतारखा आहेतच. शिबिर घ्यायचंच असेल तर आधी रक्तपेढीला फोन करून विचारा, ‘तुम्हाला कधी कमी पडतं?’ हा प्रश्न विचारणारे इतके कमी असतात की पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो.

आणि प्लेटलेट्ससाठी वेगळा मार्ग आहे, तो आपल्यातल्या अनेकांना ठाऊकच नसतो. अ‍ॅफरेसिस म्हणतात त्याला. मशीन रक्त घेतं, प्लेटलेट्स तेवढ्या काढून बाकीचं तुम्हाला परत करतं. तास-दीड तास लागतो. एका माणसाकडून साध्या पाच-सहा पिशव्यांएवढ्या प्लेटलेट्स मिळतात. लाल पेशी परत आल्यामुळे तीन महिने थांबावं लागत नाही. घराजवळच्या रक्तपेढीत असे वीस डोनर नोंदवलेले असले तर त्या ‘प्लीज फॉरवर्ड’ मेसेजची गरजच उरणार नाही. रक्तगट दुर्मिळ असेल तर नोंद आणखी महत्त्वाची. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी आपल्या मुंबईतच शोधलेला ‘बॉम्बे’ गट घ्या. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण त्या माणसाला ‘ओ’ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बेच लागतं. भारतात साधारण दहा हजारांत एक. त्याला आयत्या वेळी फॉरवर्ड करून काय उपयोग? यादी आधीच लागते.

जाता जाता व्यवहाराचं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुरुषांनी दर ९० दिवसांनी, बायकांनी १२० दिवसांनी दिलं तरी चालतं. गेलेलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, पेशी भरायला काही आठवडे लागतात, म्हणून हे अंतर. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं तर खट्टू होऊ नका, ती फुकट मिळालेली टेस्ट समजा आणि डॉक्टरांकडे जा. सरकारच्या ‘ई-रक्तकोश’ साइटवर जवळच्या रक्तपेढ्या आणि त्यांच्याकडचा साठा बघता येतो. आणि पुढच्या वेळी कोणाचा ‘रक्त पाहिजे’ मेसेज आला तर पुढे ढकलण्याआधी एक फोन करून विचारा, ‘लाल पेशी, प्लेटलेट्स की प्लाझ्मा?’

तुमचा वाढदिवस कुठल्या महिन्यात येतो? तेवढं कॅलेंडरमध्ये टाका, रिकरिंग म्हणून. मे महिन्यात असेल तर उत्तमच.